कॅल्शियम सिलिकेट काच

चुना आणि वाळू यांचा वितळलेला रस स्फटिक न बनता घट्ट झाला, की कॅल्शियम सिलिकेट काच मिळते. नुसत्या या दोघांची काच करणे अवघड असते. रस होण्यास सुमारे १,५०० अंश से. तापमान लागते आणि तो सावकाश निवला, तर त्यात वोलॅस्टोनाइट या खनिजाचे स्फटिक धरतात. म्हणून व्यवहारात आणखी घटक मिसळतात.

खिडकीची तावदाने, बाटल्या आणि पेले यांच्या काचेत हा घटक सोडा असतो. सोड्यामुळे वाळू कमी उष्णतेत वितळते; मात्र सोडा आणि वाळू एवढ्यावर थांबले, तर पाण्यात विरघळणारी जलकाच बनते. काचेला टिकाऊपणा येतो तो चुन्याने. साधारण प्रमाण सिलिका ७० ते ७४, सोडियम ऑक्साइड १२ ते १५ आणि कॅल्शियम ऑक्साइड ८ ते १२ टक्के असे असते. घनता २.५, अपवर्तनांक १.५२. उष्णतेने ही काच बरीच प्रसरण पावते; तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा शिंतोडा पडताच ती तडकते, याचे कारण हेच.

महाराष्ट्रात या काचेचा उद्योग लोकवर्गणीतून उभा राहिला, ही गोष्ट मोलाची आहे. अंताजी दामोदर काळे यांनी जमवलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला; लोकमान्य टिळकांचे त्याला पाठबळ होते. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले काच कारखाना स्थापन झाला. त्याच्या प्रभाकर कंदिलाने घरोघरी उजेड दिला आणि कारखान्याच्या गावाला ओगलेवाडी हे नाव मिळाले.

कच्चा माल मात्र सगळीकडे सारखा नसतो. मोडनिंबसारख्या सोलापूर जिल्ह्यातील काळ्या जमिनीच्या पट्ट्यात चुनखडीचे खडे सापडतात, पण भीमा-सीनेची वाळू काळ्या कातळाची असल्याने तिच्यात लोह फार असते आणि लोहामुळे काचेला हिरवट झाक येते. काचेला लागणारी पांढरी सिलिका वाळू सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात निघते.

लोखंडाच्या झोतभट्टीतील मळी (स्लॅग) हीदेखील बहुतांशी कॅल्शियम-ॲल्युमिनियम सिलिकेटच असते. पाण्याच्या झोताने ती एकदम थंड केली, तर काचमय दाणे बनतात. दळल्यावर त्यांच्यात सिमेंटसारखा घट्ट होण्याचा गुण दिसतो. भारतीय मानक ४५५ नुसार स्लॅग सिमेंटमध्ये असे दाणे २५ ते ७० टक्के चालतात. घट्ट होताना हे सिमेंट कमी तापते आणि खाऱ्या पाण्यात तग धरते, त्यामुळे धरणे व बंदरे यांच्या कामी येते. तीच मळी सावकाश निवली, तर हा गुण जातो आणि तिची खडीच होते.

विद्युत्‌रोधक ई-काचेत सोडा जवळजवळ नसतो, चुना १६ ते २५ टक्के असतो. तिच्या तंतूंपासून पवनचक्क्यांची पाती आणि पाण्याच्या टाक्या बनतात. लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये तयार केलेल्या जैवकाचेत कॅल्शियम ऑक्साइड २४.५ टक्के आहे. शरीरात तिच्या पृष्ठभागावर हाडातल्यासारखा कॅल्शियम फॉस्फेटचा थर धरतो आणि ती हाडाशी सांधली जाते.