समुद्रातून आलेले दोघे

मार्व्हलचा सगळ्यात जुना हिरो कोण, असं विचारलं तर बरेच जण कॅप्टन अमेरिका म्हणून मोकळे होतात. पण तो आला १९४१ साली. त्याच्या दोन वर्षं आधीच समुद्रातून एक जण वर आला होता. टोकदार कान, घोट्यांना चिमुकले पंख, अंगावर फक्त पोहायची चड्डी आणि डोक्यात प्रचंड राग. नाव नमोर, उर्फ सब-मरिनर. २०२२ च्या 'वाकांडा फॉरएव्हर'मध्ये तुम्ही त्याला पाहिलंच असेल. तिथे त्याच्या नावाची स्पॅनिश व्युत्पत्ती सांगितली आहे. मूळ किस्सा साधा आहे: 'रोमन' हा शब्द इंग्रजीत उलटा लिहिला, झालं नाव तयार!

हे डोकं बिल एव्हरेट नावाच्या चित्रकाराचं. १९३९ साली तो विशी नुकतीच ओलांडलेला होता. चित्रपटगृहात फुकट वाटायला 'मोशन पिक्चर फनीज वीकली' नावाचं कॉमिक काढायचं ठरलं होतं, त्यासाठी त्यानं आठ पानांची गोष्ट काढली. योजना बारगळली. मग तीच गोष्ट चार पानं वाढवून 'मार्व्हल कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात गेली (अंकावर महिना ऑक्टोबर १९३९). ज्या अंकावरून पुढे अख्ख्या कंपनीला नाव मिळालं, त्यातली ही गोष्ट म्हणजे थोडक्यात रीयूज केलेला माल. आमच्या धंद्यात हे रोज चालतं.

गोष्टीत काय होतं? दक्षिण ध्रुवाजवळ एक अमेरिकन जहाज बर्फ फोडायला स्फोट करतं आणि खाली राहणारे समुद्रवासी मरतात. त्यांची राजकन्या फेन हेरगिरीला वर जाते आणि जहाजाच्या कप्तानाच्या प्रेमात पडते. नमोर त्या दोघांचा मुलगा. म्हणजे सूड घ्यायचा तो बापाच्याच जातीवर. पहिल्याच गोष्टीत तो पाणबुड्यांना यंत्रमानव समजून ठार करतो. पुढे न्यूयॉर्कमध्ये धुमाकूळ घालतो. १९४० मध्ये त्याची गाठ त्याच मासिकातल्या ह्यूमन टॉर्चशी पडते. पाणी विरुद्ध आग! अंकामागून अंक मारामारी चालते आणि शेवटी बरोबरीत सुटते. एका लेखकाचा नायक दुसऱ्याच्या गोष्टीत घुसतो ही कल्पना कॉमिक्समध्ये तेव्हा नवी होती. आजचे सगळे क्रॉसओव्हर तिचेच नातू.

मला यातलं आवडतं ते असं, की एव्हरेटनं त्याला वाईट ठरवून टाकलं नाही. त्याची तक्रार खरी होती. नंतर युद्ध आलं, नाझी आले आणि नमोरला आयता शत्रू मिळाला. युद्ध संपल्यावर मात्र त्याचं करायचं काय हे कुणाला सुचेना. १९४९ ला मासिक बंद, १९५४ ला परत सुरू, १९५५ ला परत बंद. १९६२ मध्ये 'फँटॅस्टिक फोर'च्या चौथ्या अंकात तो न्यूयॉर्कच्या एका भिकार मुसाफिरखान्यात सापडतो. दाढी वाढलेली, स्वतःचं नावही विसरलेला. कॉमिक्सच्या इतिहासात इतकं चपखल पुनरागमन दुसरं नसेल.

आता कट टू वालावल.

कुडाळ तालुका, कर्ली नदी, लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि त्याला लागून तळं. दशावतार कोकणात कुणी आणला याची दोन नावं सांगतात. एक वालावलचे गोरे, दुसरे आडिवऱ्याचे श्यामजी नाईक काळे (साल १७२८). हा वाद जाणकारांनी सोडवावा. आपल्याला हवा आहे त्या खेळातला समुद्रवासी, म्हणजे शंखासुर.

पद्मपुराणात शंख हा सागराचा मुलगा. तो वेद पळवतो, विष्णू मासा होऊन त्याला मारतो, विषय संपला. दशावतारात हे येतं मुख्य आख्यानाच्या आधी, 'आड दशावतारा'त. गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव आणि मग काळ्या पोशाखातला शंखासुर. नाव दशावतार असलं तरी दहापैकी रंगतो तो हाच एक अवतार, आणि त्यातही भाव खाऊन जातो राक्षस! कारण तो मालवणी बोलतो. देवांची भाषा पुस्तकी, याची घरची. सूत्रधाराशी हुज्जत घालता घालता तो गावातल्या भानगडींवरही घसरतो. वेद चोरून आलेला दैत्य 'माका काय म्हायत' अशा थाटात बोलायला लागला की त्याचा राग कसा येणार? मरतो तो दर खेळात, पण आधी हसवून जातो. रत्नागिरीकडे तर त्याचा भाऊबंद संकासूर शिमग्यात पोरांच्या मागे धावतो आणि लोक त्याला नवसही बोलतात.

नमोरला न्याय मिळाला तो लेखकानं कारण दिल्यामुळे. शंखासुराला कारण कुणीच दिलं नाही, त्याला फक्त बोलायला वेळ दिला. माझ्या मते तेवढ्यानं काम झालं.

पण तो वेळच आता कमी होतोय. दशावतारात संहिता नसते, संवाद नट ऐन वेळी रचतात. रात्रभराचा खेळ तीन तासांवर आला की सगळ्यात आधी कात्री लागते ती आड दशावताराला. गणपती आणि सरस्वतीला वगळणं कुणाच्या जिवावर येतं, शंखासुराला वगळायला कुणाची हरकत नसते. 'मोशन पिक्चर फनीज'च्या थोड्याशा प्रती १९७४ साली एका मृत प्रकाशकाच्या सामानात सापडल्या आणि नमोरची ती आठ पानं परत मिळाली. शंखासुराचा असा पेटारा कुठे उघडायचा? व्हिडिओ काढून ठेवता येईल, पण ती एका रात्रीची, एका गावातली हुज्जत. पुढच्या गावात तो वेगळंच बोलणार.

तुळशीची लग्नं झाली की जत्रा सुरू होतात. गेलात तर आख्यान सुरू व्हायच्या आधी पोचा, आणि तो येतो का ते बघा.