आयसोलेशन रेझ
टेक्सास होल्डम पोकरमध्ये, केवळ बिग ब्लाइंडइतकी रक्कम भरून डावात शिरलेल्या खेळाडूला (पहा : लिंपिंग) एकटे गाठण्यासाठी फ्लॉपपूर्वी वाढवलेली पैज. पैज प्रायः ३ बिग ब्लाइंड, अधिक प्रत्येक लिंपरमागे १. आधी चाल करावी लागणार असल्यास थोडी जास्त. नंतर चाल असणाऱ्याला (पहा : पोझिशन) एक्का-दहिला, राजा-गुलामही पुरतात, एरवी मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी. फ्लॉपनंतर सहज पाने टाकणाऱ्याविरुद्ध निवड सैल होते. पैज भरतच राहणाऱ्याविरुद्ध मोठी पानेच हवीत, कारण तेथे हूल (पहा : ब्लफ) निरुपयोगी. लहान जोड्या अनेक खेळाडूंच्या डावात अधिक लाभदायी असल्याने पुष्कळदा न वाढवताच खेळतात. ब्लाइंडवाल्यांनी सोडलेली रक्कम पॉटमध्येच राहते, हा या डावपेचाचा मुख्य आर्थिक आधार.