पाय कुठे ठेवायचे?

गणपतीत गावी, धामापूरला गेलो होतो. तिथे आमच्या पडवीत आजोबांची १९८४ सालची बुलेट उभी असते. गेली दोन वर्षं तिची 'कॅफे रेसर' करायचं खूळ माझ्या डोक्यात आहे. एक्सेल शीटसुद्धा तयार आहे (इंजिनियर माणूस, दुसरं काय करणार :) ). क्लिप-ऑन हँडल, सिंगल सीट, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत रिअरसेट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रिअरसेट म्हणजे चालवणाऱ्याचे फूटरेस्ट, गिअरचा लिव्हर आणि मागच्या ब्रेकचं पेडल, हे सगळं एकत्र उचलून मागे आणि वर नेणारा सेट.

मोबाइलवर अशाच एका बुलेटचा फोटो आजीला दाखवला. तिने चष्मा सारखा करून नीट बघितला आणि म्हणाली, "बरी दिसता. पण मी पाय खंय ठेवू, झिला?"

मी हसण्यावारी नेलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग वाचत बसलो, आणि लक्षात आलं की रिअरसेटचा सगळा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो.

अगदी सुरुवातीच्या मोटारसायकलींना चक्क सायकलचे पेडल होते. ते गेल्यावर पाय टेकायला फळ्या आल्या, मग दांडे. गिअर मात्र हाताने, टाकीशेजारच्या दांडीने बदलायचा. त्यामुळे पाय कुठे ठेवायचे हा निव्वळ सोयीचा प्रश्न होता. १९२८ च्या सुमारास वेलोसेट कंपनीच्या हॅरोल्ड विलिसने पायाने बदलायचा 'पॉझिटिव्ह स्टॉप' गिअर रेसिंगमध्ये आणला. प्रत्येक दाबाला एकच गिअर पडणार आणि लिव्हर परत मधे येणार. आज आपण जे गृहीत धरतो ते हेच. पण तेव्हापासून पाय गिअरबॉक्सला बांधला गेला. फूटरेस्ट हलवायचा तर लिव्हरही हलवावा लागणार, आणि तिथूनच रिअरसेटची सगळी यांत्रिक कटकट सुरू होते.

पण फूटरेस्ट हलवायचेच कशाला? तर वळणासाठी. १९५० मध्ये नॉर्टनने मॅककँडलेस बंधूंची 'फेदरबेड' फ्रेम रेसिंगला उतरवली आणि त्याच वर्षी जेफ ड्यूकने आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी जिंकली. फ्रेम आणि टायर सुधारत गेले तशा गाड्या वळणावर जास्त झुकू लागल्या, आणि पुढे-खाली असलेले फूटरेस्ट रस्त्याला घासणं परवडेना. शिवाय वाऱ्याला टाळायला माणूस टाकीवर आडवा झाला, की पाय मागे असलेलेच बरे पडतात. रिअरसेट ही अशी शुद्ध गरजेतून आलेली गोष्ट. आणि त्या गाडीवर माणूस एकटाच होता, हे इथे महत्त्वाचं.

रेसमधून ती रस्त्यावर आली लंडनच्या पोरांमुळे. नॉर्थ सर्क्युलर रोडवरचा एस कॅफे १९३८ चा. युद्धात बाँब पडला, १९४९ मध्ये पुन्हा उभा राहिला, १९६९ ला बंद झाला आणि २००१ मध्ये परत उघडला. ताशी १०० मैल (म्हणजे १६० किलोमीटर) गाठणारी 'टन-अप' पोरं तिथे जमायची. नॉर्टनच्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन घालून 'ट्रायटन' करायची, तिला रिअरसेट लावायची. नवीन ब्रॅकेट वेल्ड कोण करणार? फ्रेमवर बोल्ट लावायला एक तयार जागा होतीच: मागे बसणाऱ्याच्या फूटरेस्टची.

म्हणजे आजीने अचूक बोट ठेवलं होतं. रिअरसेट बसवणं म्हणजे बऱ्याचदा शब्दशः मागच्या माणसाची पाय ठेवायची जागा घेणं.

पुढे कंपन्यांनीच हा प्रकार उचलला. रॉयल एनफिल्डने रेडिचमध्ये १९६४ मध्ये २५० सीसीची काँटिनेंटल जीटी काढली, शोरूममधूनच कॅफे रेसर. पण मद्रासला १९५५ पासून याच कंपनीची जी बुलेट तयार होऊ लागली, ती वेगळ्या वाटेने गेली. ती आपल्याकडे फौजेची, पोलिसांची आणि मग कुटुंबाची गाडी झाली. सरळ बसायचं, पाय पुढे, मागे लांब सीट. आपल्याकडे रेस नव्हत्या असं नाही. मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर त्या व्हायच्या, आणि १९९० मध्ये श्रीपेरंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला. पण रस्त्यावरच्या गाडीवर माणसं कायम दोन (आणि टाकीवर पोरगं).

आपल्या कायद्यातही ते दिसतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२३: मागे बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला पक्की मूठ हवी, फूटरेस्ट हवेत आणि निम्मं मागचं चाक झाकणारं कपड्यांचं संरक्षण हवं. हाच आपला साडीगार्ड. आमच्या पुण्याजवळ चाकणला बनलेली केटीएम आरसी ३९० बघा. २०१४ मध्ये तिच्यावर युरोपात पोरांच्या कप रेस सुरू झाल्या. तीच गाडी इथे शोरूममध्ये आली ती मागे-वर सरकलेल्या फूटरेस्टसह, पण साडीगार्ड लावून! मला हे आधी विनोदी वाटायचं. आता वाटत नाही.

आता मुद्द्याचं. रिअरसेट घ्यायचाच असेल तर काय बघायचं?

पहिलं, मागे कोण बसणार. मागचे फूटरेस्ट शाबूत ठेवणारा सेट मिळत नसेल तर ती गाडी एकट्याची झाली, हे मान्य करूनच पैसे द्या. दुसरं, हँडल. पाय मागे गेले की वजन पुढे मनगटांवर येतं. उंच हँडल तसंच ठेवून नुसता रिअरसेट लावला तर विचित्र बसणं होतं, आणि सिग्नलला गुडघे बोलतात. तिसरं, ब्रेक. पेडल ही साधी तरफ आहे. समजा लांब बाजू १५ सेंटिमीटर आणि आखूड बाजू ५, तर पायाचा जोर तिप्पट होतो. नव्या सेटमध्ये लांब बाजू १० झाली तर तो दुप्पटच उरतो. ड्रम ब्रेकचा रॉड नव्या मापाचा लागतो, डिस्क असेल तर मास्टर सिलिंडरची जागा बदलते. ब्रेकलाइटचा स्विच बहुतेक लोक विसरतात. चौथं, सांधे. बुशमध्ये खेळ असेल तर गिअर चुकतात. ट्रॅकवर न दुमडणारा पेग चालतो, रस्त्यावर दुमडणारा बरा.

जुन्या बुलेटची तऱ्हा आणखी निराळी. गिअर उजवीकडे, एक वर आणि तीन खाली. रिअरसेटसाठी लिव्हर उलटा फिरवला की गणितही उलटतं, एक खाली आणि तीन वर. न्यूट्रल फाइंडरची पट्टी बहुतेक वेळा काढावी लागते. किकही उजवीकडेच, म्हणजे दर वेळी पेग दुमडून किक मारायची. चाळीस वर्षांची सवय असलेल्या गाडीवर, नेरूरपारच्या पुलानंतर समोरून एसटी आली असताना, पायाने खाली की वर हा विचार करायला वेळ नसतो.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही. ट्रॅकवरच्या गाडीची गोष्ट वेगळी.

असो. मी रिअरसेटच्या विरोधात नाही. ट्रॅकवर तो हवाच, ती त्याची जन्मभूमी आहे. पुढेमागे ट्रॅकसाठी वेगळी गाडी घेतली तर पहिला खर्च त्याच्यावरच करीन. पण ही गाडी आजोबांनी ज्या कामाला घेतली, ते काम अजून संपलेलं नाही. आजीला कुडाळच्या बँकेत जायचं असतं, चौक्याला लग्नाला जायचं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी तिला मागे बसवून तलावावर नेलं. १५३० च्या सुमारास बांधलेला आमचा तलाव. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा मिळाला. काठावर भगवतीचं देऊळ आहे. आजी नेहमीसारखी एका बाजूला पाय टाकून बसली. डावीकडचा मागचा फूटरेस्ट घासून गुळगुळीत झालाय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्याचं रबर पार गेलंय.

एक्सेल शीटमधली ठळक ओळ खोडली. त्या जागी लिहिलं: मागच्या फूटरेस्टचं रबर, दोन नग.