हीशम येथील भग्न कपेल

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, लँकेशायर परगण्यात, मोरकंब उपसागराच्या काठी हीशम नावाचे गाव आहे. तेथील टेकाडावर, ऐन समुद्राच्या तोंडावर, संत पात्रिकाच्या नावाचे एक कपेल आहे. त्याचे छप्पर केव्हाच गेले. भिंतींपैकी दक्षिणेकडील बरीचशी शाबूत आहे. वसईच्या किल्ल्यातील, 1739 नंतर ओस पडलेली देवळे ज्यांच्या नित्य दृष्टीस पडतात, त्यांस हा देखावा परका वाटणार नाही. मात्र ती देवळे भव्य. हे कपेल लांबीला सुमारे 23 फूट व रुंदीला अवघे 7 फूट!

पाचव्या शतकात संत पात्रिकाचे गलबत येथे फुटले व त्याने हे कपेल बांधले, अशी दंतकथा आहे. ती गोड खरी. परंतु दगडांची साक्ष निराळी आहे. 1977 व 1978 साली येथे उत्खनन झाले, तेव्हा बांधकाम दोन वेळा झाल्याचे दिसून आले. पहिले कपेल याहूनही लहान असून आठव्या शतकाच्या सुमाराचे, म्हणजे संतानंतर तीनशे वर्षांचे होते. पुढे तेच वाढविण्यात आले. ज्यांनी ते वाढविले त्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. तथापि जागा अपुरी पडू लागली होती, एवढे ती वाढीव भिंतच सांगते. आमच्या मते दंतकथेपेक्षा ही साक्ष अधिक मोलाची होय.

आणि ही माणसे केवळ निवाऱ्यापुरते बांधणारी नव्हती. दक्षिणेच्या दाराची कमान अँग्लो-सॅक्सन धाटणीची, अर्धवर्तुळाकार असून तीवर एकात एक वर्तुळरेषा कोरल्या आहेत. मातीत गिलाव्याचे रंगविलेले तुकडे सापडले, त्यांवर अक्षरेही होती. सात फुटी खोलीच्या भिंतींवर लेख रंगविणाऱ्यांची हौस केवढी असेल!

कपेलाभोवती 80 हून अधिक जणांचे अवशेष मिळाले. त्यांत पुरुष, स्त्रिया व मुलेही होती. पश्चिमेकडे एका ओळीत सहा थडगी अखंड कातळात खोदलेली आहेत; आणखी दोन निराळी आहेत. काहींचा आकार मनुष्यदेहाबरहुकूम आहे. डोक्याशी क्रूस रोवण्यासाठी खळगा ठेविला आहे. काही थडगी इतकी अरुंद व उथळ आहेत की, त्यांत देह नव्हे तर पूज्य व्यक्तींच्या अस्थी ठेवीत असावेत, असे काही विद्वानांचे मत आहे. क्रूस आता राहिले नाहीत. पाऊस पडला म्हणजे ही थडगी पाण्याने काठोकाठ भरतात.