नाताळचं टपाल आणि एका पेनीची गोष्ट

एरवी दोन दिवस उशिरा आलेलं पत्र चालून जातं. नाताळचं शुभेच्छापत्र मात्र २६ डिसेंबरला आलं की शिळं होतं. ब्रिटनच्या टपाल खात्याची ही दरसालची डोकेदुखी खात्याच्या यशातूनच जन्मली.

१८४० पूर्वी तिथे टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याच्या माथी बसे. रोलंड हिलच्या सुधारणेनंतर अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागलं. या कामात हिलला साथ देणारा हेन्री कोल हाच पुढे नाताळच्या शुभेच्छापत्राचा जनक ठरला. १८४३ मध्ये प्रत्येकाला वेगळं पत्र लिहीत बसण्यापेक्षा त्यानं जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि त्याच्या हजारेक प्रती छापल्या. किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी. एका कार्डाच्या पैशांत बारा पत्रं गेली असती! साहजिकच कार्डांची लाट लगेच आली नाही. ती आली रंगीत छपाई स्वस्त झाल्यावर, आणि १८७० मध्ये अर्ध्या पेनीचं टपाल सुरू झाल्यावर.

मग १८८० साली खात्यानं लोकांना विनंती केली: नाताळचं टपाल लवकर टाका. मला हे वाक्य फार ओळखीचं वाटतं. आमच्या संगणकाच्या धंद्यातही वर्षातल्या चार गर्दीच्या दिवसांसाठी बाराही महिने जादा यंत्रं पोसणं परवडत नाही; मग गर्दीच पुढेमागे सरकवावी लागते. टपाल खात्यानं तेच केलं. उशीर पुरता टाळता येत नव्हता, म्हणून घाईचा काही भाग पत्र पाठवणाऱ्याकडे सोपवला.

तरी उरलेला भार माणसांनीच उचलला. जादा हंगामी माणसं घेतली जात, आणि खुद्द नाताळच्या दिवशीही पोस्टमन दारोदार फिरत. लाल गणवेशामुळे त्यांना 'रॉबिन' म्हणत. कार्डांवर चोचीत पत्र धरलेला तो लालछातीचा पक्षी दिसतो, त्याचा संबंध या टोपणनावाशी जोडला जातो. घराघरांतल्या आनंदाचं प्रतीक झालेल्या या पोस्टमनला स्वतःच्या घरचा नाताळ मात्र काम उरकल्यावरच मिळे.

इंग्लंडमध्ये नाताळच्या दिवशी टपाल वाटलं गेलं ते शेवटचं १९६० साली, स्कॉटलंडमध्ये १९६५ साली. त्यानंतर २४ तारखेला मागे राहिलेलं कार्ड सणानंतरच पोचू लागलं. त्या उशिराच्या बदल्यात पोस्टमनला सणाचा दिवस मिळाला, हे शिळं कार्ड हाती पडल्यावर आठवायला हरकत नाही.