एका रात्रीचे वाडेकरी

जुने घर हे राहण्यासाठी असते की पाहण्यासाठी, हा प्रश्न आपल्या आजोबांना पडला नसता. त्यांच्या दृष्टीने घर म्हणजे घर; त्यात जन्म व्हावा, लग्ने लागावीत आणि शेवटी माणूस त्याच उंबऱ्यावरून बाहेर निघावा. परंतु अलीकडे एक नवाच व्यवसाय उदयाला आला आहे. जुना वाडा, गढी किंवा कोठी डागडुजी करून सजवावयाची, माजघरात पितळी हंडे मांडावयाचे, देवडीत ढाल-तलवार टांगावयाची, आणि शहरातील कुटुंबांना ती वास्तू दोन दिवसांच्या मुक्कामासाठी भाड्याने द्यावयाची. पाहुणे येतात, पाटावर बसून जेवतात, झोपाळ्यावर झुलतात, आणि ‘आम्ही इतिहासात राहून आलो’ असे समाधान घेऊन परत जातात.

या गोष्टीला हसण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यात पिलाजी जाधवरावांनी १७१० मध्ये बांधलेली गढी आज पाहुण्यांची निवासस्थळी झाली आहे. राजस्थानात नीमराणा येथील १४६४ चा किल्ला पडझड झालेल्या अवस्थेतून सावरून १९९१ मध्ये प्रवाशांना खुला झाला. जयपूरचा रामबाग राजवाडा तर १९५७ पासूनच हॉटेल आहे. ही हवा एक ना एक दिवस नांदेड-लातूरकडेही वाहणार. कारण मोडकळीला आलेल्या वाड्यांची येथे वाण नाही. तेव्हा अशा मुक्कामात माणसाला इतिहास भेटतो की इतिहासाचा नुसता पोशाख, याचा विचार आपण आधीच केलेला बरा.

या दोन गावांच्या पूर्वपीठिकेतच एक मोठी सूचक गोष्ट आहे. राष्ट्रकूट घराण्यातील राजे स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे लत्तलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, अशी पदवी लावीत. हे लत्तलूर म्हणजेच आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे ‘कंधारपुरवराधीश्वर’ हीही पदवी त्या कुळाशी जोडलेली आढळते, आणि ते कंधार म्हणजे नांदेड जिल्ह्यातील आपले कंधार. आता गंमत अशी की, हे सम्राट लातुरात राहत नव्हते. त्यांची राजधानी मान्यखेट येथे, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मालखेड येथे होती. ज्या गावी आपण राहत नाही त्या गावाचे नाव त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बिरुदासारखे मिरवले. मूळ घराची ओढ ही अशी जुनी गोष्ट आहे. पुण्या-मुंबईत स्थायिक झालेला मराठवाड्याचा माणूस एका रात्रीसाठी वाडा शोधतो तेव्हा, नकळत का होईना, तो त्या राष्ट्रकूटांच्याच वाटेने चाललेला असतो.

परक्या घरी मुक्काम करणे हेही आपल्याला नवे नाही. महानुभाव पंथाच्या जुन्या वाङ्मयात श्रीचक्रधरांच्या मुक्कामाची केवढी काटेकोर नोंद आहे! एका रात्रीचे राहणे ती ‘वसती’, अधिक दिवसांचे राहणे ते ‘अवस्थान’. ‘स्थानपोथी’ या ग्रंथात तर स्थळाचे दार कोणत्या दिशेला, मठ कोठे, पिंपळ कोठे, अशी माहिती नोंदलेली आहे. मुक्कामाची जागा म्हणजे केवळ निवारा नव्हे, तिला स्मृती असते, हे ज्ञान मराठी भाषेच्या पहिल्या गद्यातच आलेले आहे.

आणि नांदेड तर मुक्कामाचेच शहर. १७०८ मध्ये श्रीगुरू गोविंदसिंगजी येथे आले आणि येथेच त्यांचा देह ठेवला गेला. पंजाबचे महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात तख्त सचखंड श्रीहुजूर साहिबची वास्तू उभारली. तेव्हापासून गोदाकाठी दूरदूरचा यात्रेकरू उतरतो, लंगरात पंक्तीला बसतो, आणि त्याला त्याचे कुलगोत्र कोणी विचारीत नाही. धर्मशाळा, मठ, सराई, चावडी ही सारी याच परंपरेची रूपे. तेथे उतरणाऱ्याला पाठ टेकण्यापुरती जागा मिळे. तेथे कोणी त्याला ‘जुना काळ’ विकीत नसे. २००८ मध्ये गुरुगद्दीची त्रिशताब्दी साजरी झाली. त्या निमित्ताने यात्री निवास वाढले, रस्ते रुंद झाले, गुरुद्वाऱ्याभोवतीचा परिसर मोकळा झाला. ते आवश्यकही होते. पण शहर पाहुण्यांसाठी सजते तेव्हा जुन्या गल्ल्यांतून काहीतरी कायमचे निघून जाते, हेही खरे.

आता प्रत्यक्ष वाड्याकडे वळू. उदगीरचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते ३ फेब्रुवारी १७६० च्या लढाईमुळे. सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला आणि साठ लाखांचा मुलूख मिळवला, हे शाळेतील मुलालाही पाठ असते. परंतु ज्या शेतकऱ्याच्या घरातील ज्वारीवर ती दोन्ही सैन्ये जगली, त्या घराची रचना कशी होती, हे पुस्तकात सापडत नाही. ते घरच सांगते.

मराठवाड्यातील वाडा बाहेरून बोलका नसतो. रस्त्याच्या बाजूला उंच, जवळजवळ बिनखिडकीची दगडी भिंत. तिच्यात एक भक्कम दरवाजा आणि दरवाजातच छोटी दिंडी. दिंडीतून वाकूनच आत जावे लागते. यात नम्रतेचा धडा शोधणारे शोधोत. मुख्य हेतू असा की, आत शिरणाऱ्याची मान आधी आत यावी आणि हत्यार मागाहून! आत देवडी, मग ढेलज, मग मोकळा चौक, चौकाभोवती सोपे, त्यामागे माजघर. घराचे माप खणांवर सांगत. दोन खांबांमधील अंतर तो एक खण. भिंतीच्या जाडीतच बळद ठेवलेले असे. त्यात वरून धान्य ओतावे आणि खालच्या भोकातून लागेल तेवढे काढावे. अंगणात किंवा गावाबाहेर जमिनीत पेव. ज्या प्रदेशाने पाऊस दगा देताना वारंवार पाहिला, त्या प्रदेशाने घराच्या भिंतीतच दुष्काळाची तरतूद करून ठेवली होती.

आणि वर माळवद. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर लाकडी पट्ट्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. वैशाखात बाहेर पारा बेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा या मातीखालच्या माजघरात दुपारी सुखाने डोळा लागतो. रात्री तेच माळवद अंथरुणाची जागा होते. लग्नाच्या बैठकी, मिरच्यांची वाळवण, शेजारणीशी गप्पा, सारे तेथेच. हे पुस्तकातून कळत नाही. पाठीला कळते, तळपायाला कळते. एक रात्र अशा घरात काढलेला मुलगा ‘बळद’ हा शब्द जन्मभर विसरणार नाही, आणि आमच्या मते तेवढ्यासाठीदेखील असा मुक्काम वाया गेला असे म्हणता येणार नाही.

पण श्रोतेहो, येथेच थांबलो तर आपण स्वतःला फसवू. भाड्याच्या वाड्यात पाहुणा नेहमी सोप्यावर उतरतो. जुन्या काळी त्या घराशी संबंध असलेल्या बहुसंख्य लोकांना सोपा दिसतही नव्हता. पहाटे जात्यावर बसणारी, आडाचे पाणी ओढणारी, अंधाऱ्या खोलीत बाळंत होणारी स्त्री. देवडीपाशी बसून राहणारा गडी. दिंडीच्या बाहेरच उभे राहून हाक घालावी लागे असा बलुतेदार. आणि ज्याची सावलीही उंबऱ्याला चालत नसे असा माणूस. वाडा या सर्वांच्या श्रमावर उभा होता. सजावटीत ढाल-तलवार येते, जाते येत नाही; आलेच तर फुले ठेवण्यासाठी येते. ज्याच्या पूर्वजाला दिंडीच्या आत प्रवेश नव्हता, तो आज पैसे देऊन त्याच चौकात पलंग टाकून झोपू शकतो, ही या व्यवसायाची सर्वांत मोठी ऐतिहासिक घटना आहे. तिची नोंद मात्र कोणी भिंतीवर लावीत नाही.

याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे, आणि ती लातूर जिल्ह्यात उभे राहून टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गेलेली. गणपती बोळवून माणसे उशिरा निजलेली. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना किल्लारीची जमीन हादरली. अधिकृत गणतीनेही साडेसात हजारांवर माणसे गेली. त्यांना भूकंपाने मारले असे आपण म्हणतो. मारले ते घरांनी.

हे कसे घडले ते नीट समजून घेतले पाहिजे. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या त्या भिंती दिसायला अभेद्य होत्या. पण आत त्यांचे दोन पदर होते, आतला आणि बाहेरचा, आणि मध्ये मातीचा व बारीक दगडांचा भराव. दोन्ही पदरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड फारसे नव्हते. सांध्यात चुना नव्हता, माती होती. हादरा बसताच पदर एकमेकांपासून सुटले आणि दगड आत कोसळले. माळवदावर दर पावसाळ्यापूर्वी मातीचा नवा थर पडत असे, जुना मात्र काढला जात नसे. आजोबांनी टाकलेली माती, वडिलांनी टाकलेली माती, अशा पिढ्यांच्या ओझ्याखाली माणसे सापडली. आणि ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, पुष्कळ ठिकाणी आतला लाकडी सांगाडा, ते खांब आणि त्या तुळया, भिंती कोसळल्यावरही उभा राहिला. म्हणजे जुन्या विद्येत बळ होते. उणेपण होते ते भिंतीच्या बांधणीत आणि छताच्या वजनात.

पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, काँक्रीटची घरे, रांगेत मांडलेली. जी गावे उठवली नाहीत तेथील लाखाहून अधिक घरांना बळकटी देण्याचे काम झाले. भिंतींत आरपार दगड बसवा, छताचे वजन कमी करा, वर पट्टा बांधा, असे गवंड्यांना शिकवण्यात आले. पण मनातली भीती गवंड्याला दुरुस्त करता आली नाही. दगडी घर म्हणजे मृत्यू, असे समीकरण त्या भागात रुजले. ज्यांना परवडले त्यांनी वाडे पाडले, ज्यांना परवडले नाही ते पत्र्याच्या खोपटात निजू लागले. आता त्याच प्रकारच्या भिंतीखाली झोपण्यासाठी शहरातून कोणी हौसेने येणार असेल, तर त्या गावच्या म्हाताऱ्याला काय वाटेल याची कल्पना करा. एकाची मौज ती दुसऱ्याची जखम.

म्हणून वाडे पडू द्यावेत काय? आमचे मत तसे नाही. पडक्या वाड्याला आज तीनच भवितव्ये आहेत: कोर्टातील वाटण्यांचा वाद, कोरीव चौकट विकून उरलेले दगड कुंपणाला लावणे, किंवा कोणीतरी त्यात पुन्हा चूल पेटवणे. तिसरे भवितव्य निश्चितच बरे. इंग्लंडमध्ये १९६५ साली जॉन स्मिथ या गृहस्थांनी ‘लँडमार्क ट्रस्ट’ ही संस्था काढली. मोठ्या राजवाड्यांना वाली असतो, पण छोटे मनोरे, गिरण्या, शेतघरे मरतात. ती वाचवावी, सुट्टीसाठी भाड्याने द्यावी, आणि भाड्यातून त्यांची देखभाल करावी, अशी त्यांची योजना. तेथे प्रत्येक घरी त्या घराचा शोधपूर्वक लिहिलेला इतिहास ठेवलेला असतो आणि पाहुणे वहीत आपले अनुभव लिहून जातात. पाहुणा तेथे नुसता ग्राहक राहत नाही, घराच्या बखरीत एक ओळ घालून जातो.

आपल्याकडेही हे घडू शकेल, पण काही पथ्ये पाळून. पहिले पथ्य सुरक्षिततेचे. किल्लारीने शिकवलेली विद्या न वापरता जुन्या भिंतीखाली पाहुणा निजवणे हा गुन्हा समजावा. आणि कोणती दुरुस्ती केव्हा केली, हे दरवाजाशी लिहून लावावे. दुसरे पथ्य खरेपणाचे. निजामी राजवटीतील देशमुखाच्या वाड्याला पेशवाईचे सोंग देऊ नये. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. येथील जुन्या घरांच्या कागदांत मोडीच्या शेजारी उर्दू आणि फारसीही सापडायची. तोच आपला इतिहास, तो लपवून दुसऱ्याचा उसना आणण्याचे कारण काय? तिसरे पथ्य न्यायाचे. सोप्याची गोष्ट सांगाल तर जात्याचीही सांगा, आणि उत्पन्नातून गावच्या गवंडी-सुताराला, स्वयंपाकिणीला, माळवदाची माती ओळखणाऱ्या म्हाताऱ्याला वाटा द्या. ही विद्या त्यांच्या हातात आहे. ते हात गेले की पैसा ओतूनही वाडा उभा राहणार नाही.

केंद्र सरकारच्या नियमांनुसार वारसा-हॉटेल म्हणून वास्तूची गणना व्हावयाची तर ती १९५० पूर्वीची असावी लागते. कागदावर अशी एक तारीख पुरते. पण गावाच्या दृष्टीने वाड्याचे वय त्याच्या दगडांवरून ठरत नाही, त्याची आठवण सांगणारे शेवटचे माणूस किती वर्षांचे आहे, यावरून ठरते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असे माणूस आज आहे. ते माजघर किती खणांचे होते, बळदात किती पोती मावत, त्या पहाटे कोणती भिंत आधी पडली, हे त्याला विचारून लिहून ठेवण्यास कोणाच्या परवानगीची किंवा भांडवलाची गरज नाही. वाडा भाड्याने द्यावयाचा की नाही, हे त्यानंतर ठरवता येईल.