दुधासारखी लघवी: एका जुन्या दुखण्याचा शोध



आजचा विषय समजायला सोपा आहे, बोलायला मात्र अवघड. लघवीच्या तक्रारी आपण बायका शेवटपर्यंत पोटात ठेवतो. त्यातून बोललोच, तर एकच शब्द वापरतो, "पांढरं जातंय." ऐकणारीही समजून घेते की अंगावरून जात असेल, आणि तिथेच गोष्ट थांबते. पण कधीतरी एखाद्या बाईला अंगावरून काही जात नसतं. तिची लघवीच दुधासारखी पांढरी होत असते. डॉक्टर त्याला कायल्युरिया म्हणतात. दुखणं विरळ आहे, आणि विरळ म्हणूनच ओळखायला उशीर होतो.

या विरळ दुखण्याबद्दल रेडीत बसून बोलायचं कारण हे की त्याचं मूळ बहुतेक वेळा हत्तीरोगात असतं. महाराष्ट्रातल्या हत्तीरोगाच्या जिल्ह्यांच्या सरकारी यादीत सिंधुदुर्गाचं नाव आलेलं आहे. हत्तीपाय म्हटलं की सुजलेला पाय डोळ्यांपुढे येतो आणि पुरुषांचं अंडवृद्धीचं दुखणंही लोकांना ठाऊक असतं. लघवीतून दिसणारं हे तिसरं रूप मात्र कुणाला सांगून खरं वाटत नाही.

पाय सुजण्याचं दुखणं आपल्याकडे फार जुनं आहे. सुश्रुताने त्याला श्लीपद म्हटलं आणि साचलेलं जुनं पाणी व बारमाही गारवा असलेल्या मुलखात ते जास्त होतं, असं नोंदवलं. डास कुणाच्या डोक्यातही नव्हता, पण पाण्याकडे बोट बरोबर गेलं होतं. पुढे सोळाव्या शतकात लिन्शोटेन नावाचा डच माणूस गोव्यात राहून गेला. त्याचं पुस्तक १५९६ साली छापलं गेलं. त्यात हत्तीसारख्या पायांच्या लोकांबद्दल लिहिलेलं आहे. सेंट थॉमसला मारणाऱ्यांच्या वंशाला लागलेला हा शाप, अशी त्या काळची समजूतही त्याने लिहून ठेवली. गोवा म्हणजे आपल्याला परका मुलूख नव्हे, तेरेखोलचा किल्ला तर खाडीच्या आपल्याच बाजूला आहे. शाप, करणी, मागच्या जन्मीचं पाप, ही उत्तरं खाडीच्या दोन्ही तीरांवर सारखीच होती. आम्हाला वाटतं, अशा उत्तरांनी रोगाइतकंच नुकसान केलं, कारण शाप लागलेल्या माणसाने औषध शोधायचं तरी कशाला?

खरा शोध लागला तो लघवीच्या भांड्यातून. १८६६ साली ब्राझीलच्या बाहिया शहरात वूखरर हे डॉक्टर एका रुग्ण बाईची दुधाळ, रक्त मिसळलेली लघवी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. ते शोधत होते दुसऱ्याच एका जंताची अंडी. त्यांना दिसले वळवळणारे, दोऱ्याहून बारीक जीव. तीन वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एका पुरुषाच्या अंडवृद्धीच्या पाण्यात असेच जीव दिसले होते, पण लघवीत ते पहिल्यांदा सापडले ते या बाईमुळे. तिचं नाव इतिहासात कुठे येत नाही. जंताच्या नावात डॉक्टरचं नाव मात्र आहे: वूखररिया बँक्रॉफ्टी.

पुढे १८७० साली कोलकात्यात टिमथी लुईस यांना दुधाळ लघवीतच तेच जीव दिसले, आणि १८७२ साली माणसाच्या रक्तातही. मग १८७७ मध्ये चीनच्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी हा रोग असलेल्या आपल्या नोकराला डास चावू दिले आणि ते डास फाडून पाहिले. जंत डासाच्या पोटात वाढत होते. पण तिथून ते माणसात परत कसे येतात, हे मॅन्सनना उमगलं नाही. डास पाण्यात मरतो, ते पाणी माणूस पितो, असा त्यांचा अंदाज होता. अखेर १९०० साली डासाच्या सोंडेत जंत दिसले आणि चावण्यातूनच रोग पसरतो हे नक्की झालं.

हे जंत रक्तात फिरतात ते रात्री. त्यांना पसरवणारा डासही रात्रीच चावतो. म्हणूनच हत्तीरोगाची माणसं रात्री उशिरा दारात येऊन बोटातून रक्त घेतात. त्यांना अवेळी आले म्हणून बोलू नका.

आता लघवी दुधासारखी का होते ते बघू. आपण खाल्लेल्या तेलातुपाचा मोठा भाग आतड्यातून थेट रक्तात जात नाही. तो बारीक रसवाहिन्यांमधून जातो, आणि त्यातला रस दुधासारखा पांढरा असतो. मोठे झालेले जंत याच वाहिन्यांत घर करून त्या खराब करतात. वहाळात कचरा अडकला की पाणी तुंबतं आणि बांध फोडून शेजारच्या कुणग्यात शिरतं. तसा तुंबलेला रस कधीकधी मूत्रपिंडाकडच्या वाहिन्या फोडून लघवीत उतरतो. तेलकट जेवणानंतर लघवी जास्त पांढरी होते ती त्यामुळेच. साईसारख्या गुठळ्या पडतात, त्या अडकून लघवी तुंबूही शकते. अंगातली चरबी आणि प्रथिनं वाहून गेल्याने बाई वाळत जाते. घरचे म्हणतात, "हिला खाल्लेलं अंगी लागत नाही."

औषधाच्या शोधात आपल्या देशाच्या माणसाचा हात आहे. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख होते. तिथे डीईसी हे औषध सापडलं आणि १९४७ साली जगापुढे आलं. भारताने १९५५ मध्ये हत्तीरोग नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. २००४ पासून रोगाच्या जिल्ह्यांत वर्षातून एकदा घरोघर गोळ्या देणं सुरू झालं, नंतर त्यात अल्बेंडाझोल आलं. २०१८ पासून काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन ही तिसरी गोळीही देतात. गर्भवती बाई, दोन वर्षांखालचं मूल आणि फार आजारी माणूस यांना या गोळ्या देत नाहीत. बाकीच्यांनी त्या आरोग्य सेविकेसमोरच गिळायच्या असतात. गोळीनंतर थोडा ताप किंवा चक्कर आली तर बहुधा आतले जंत मरत असतात. गोळी वाईट म्हणून ती फेकून देऊ नये.

डासाबद्दल एक गैरसमज आहे. आपल्याकडे खाणींच्या खड्ड्यांतल्या पाण्याला दोष द्यायची सवय पडली आहे. पण हत्तीरोगाच्या डासाला घाण पाणी आवडतं: गटार, मोरीचं साचलेलं पाणी, संडासाची टाकी. टाकीच्या हवेच्या नळीला जाळी बांधायला खर्च फारसा येत नाही.

आणि कुणाची लघवी खरोखरच पांढरी असेल तर? आधी ती नुसत्या डोळ्यांनी बघा. अंग स्वच्छ धुऊन, पुसून, मधल्या धारेची लघवी काचेच्या स्वच्छ बाटलीत धरा. मग लघवी पांढरी की अंगावरून जाणारं त्यात मिसळलं, याचा बराच उलगडा होतो. लघवी गढूळ व्हायला इतरही कारणं असतात, पू असतो, क्षार असतात, क्वचित क्षयही. म्हणून बाटली घेऊन आरोग्य केंद्रात जा आणि "पांढरं जातंय" न म्हणता "लघवी दुधासारखी होते, जेवणानंतर जास्त" असं सांगा. प्रयोगशाळेत लघवीतली चरबी तपासता येते. रात्रीच्या रक्तात जंत सापडले नाहीत तरी हे दुखणं नाही असं ठरत नाही, कारण वाहिन्या खराब करून जंत कधीच मेलेले असू शकतात.

उपचार आहेत. डॉक्टर डीईसीचा कोर्स देतात, तेलतूप कमी करायला आणि पाणी भरपूर प्यायला सांगतात. पुष्कळांना तेवढ्याने आराम पडतो. नाहीच पडला, तर मूत्रविकारांचे सर्जन दुर्बिणीतून मूत्रपिंडात औषध सोडून गळती बंद करतात. शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते. दुखणं काही वर्षांनी परत येऊ शकतं, तेव्हा जुने कागद टाकू नका, पेटीत रेशनकार्डाबरोबर ठेवा.